तेजरामभाऊ आणि वऱ्हाडातला ऱ

तेजराम फुंडे माझ्या सासऱ्यांच्या छापखान्यात कंपोझिटर होते. मी १९९८ साली लग्न होऊन मध्य प्रदेशात बालाघाटला आले, तेव्हा त्यांना तिथं सत्तावीस वर्षं झाली होती. छापखाना म्हणजे बाजारामागच्या गल्लीतल्या दोन लांबट खोल्या. पुढच्या खोलीत बाबा, म्हणजे माझे सासरे गुणाकरराव, टेबलाशी बसत. मागच्या खोलीत तेजरामभाऊ. राइस मिलांची पावतीबुकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, कोर्टाचे छापील नमुने, असं सगळं काम तिथं व्हायचं आणि ते जवळजवळ सगळं हिंदीत असायचं. लग्नाच्या पत्रिका तेवढ्या मराठीत. गावात जुनी मराठी घरं बरीच, आणि राजेगावकडची शेतकरी मंडळीही पत्रिका आमच्याकडेच छापून घेत.

तेजरामभाऊ स्वतः राजेगावचे. त्या गावाच्या पुढं गेलं की महाराष्ट्र लागतो. लहानपणी चार वर्षं ते पलीकडे मामाच्या गावी राहिले, तिथल्या मराठी शाळेत शिकले, मग परत येऊन हिंदीत सातवी झाले. छापखान्यात आले तेव्हा अठरा वर्षांचे होते. बाबा सांगायचे, हा माणूस पहिल्या सहा महिन्यांत पन्नास वाक्यं बोलला असेल, पण खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवताना त्याचा हात कुठं अडला नाही. शिशाचे खिळे उलटे असतात, त्यामुळे तेजरामभाऊंना उलटं वाचायची इतकी सवय झाली होती की समोर बसलेल्या माणसाच्या हातातला पेपरही ते सहज वाचायचे.

त्यांची एकच अडचण होती. छापखान्यातले खिळे हिंदीचे, आणि हिंदीत वऱ्हाड, नवऱ्या, तिसऱ्या असल्या शब्दांतला अर्धा ऱ नसतो. य किंवा ह या अक्षराच्या आधी जी बारीक वेलांटीसारखी आडवी रेघ येते, ती. त्या खिळ्याऐवजी वर रफार देऊन ‘नवर्या’ छापलं तरी चालेल असं सगळे म्हणत. तेजरामभाऊंना ते चालत नसे. पहिल्याच वर्षी बाबांच्या परवानगीनं ते नागपूरला गेले आणि तेवढे खिळे घेऊन आले.

१९९६ साली शिशाचं काम बंद झालं. छोटं ऑफसेट मशीन आलं, कॉम्प्युटर आला. बाबांना वाटलं होतं तेजराम आता गावी जाईल. ते गेले नाहीत. तीन महिने रोज दुपारी कळफलकासमोर बसून ते टाइपिंग शिकले. पडद्यावरची अक्षरं सुलटी दिसतात याची सवय व्हायलाच जास्त वेळ लागला, असं ते मला नंतर सांगत.

मी पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर शिकवत होते. छापखान्याशी माझा संबंध आला तो २००२च्या शेवटी. तिथला जुना कॉम्प्युटर जळला. नवा आणला, पण टाइपिंगचा जुना प्रोग्राम त्यावर चालेना, आणि तो बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. मग मी नागपूरहून सीडी आणल्या आणि नव्या मशीनवर लिनक्स टाकलं. ते कुणीही वापरावं, कुणीही उघडून बघावं, दुरुस्त करावं अशा प्रकारचं. त्यात देवनागरी नुकती नुकती येऊ लागली होती. हिंदीचं काम झकास व्हायला लागलं. बाबा खूश झाले.

मार्चमध्ये लगीनसराई सुरू झाली आणि पहिली मराठी पत्रिका आली. मी संध्याकाळी कॉलेजमधून आले तेव्हा तेजरामभाऊ पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसले होते.

“ताई, हे अक्षर येऊन नाई राह्यलं,” ते म्हणाले.

पडद्यावर ‘नवर्या मुलाकडील वर्हाडी मंडळी’ असं दिसत होतं. त्यांनी कळ बरोबरच दाबली होती, वेगळा ऱ, मग हलन्त, मग य. मला वाटलं फॉन्टची चूक असेल. मी तीन फॉन्ट बदलून पाहिले. सगळ्यांत तेच. दोन दिवस शोधल्यावर लक्षात आलं की फॉन्टमध्ये ती बारीक रेघ आहे, पण ती काढायला सांगणारं कुणी नाही.

हे तेजरामभाऊंना समजावून सांगताना मला जरा वेळ लागला. पडद्यावर दिसणाऱ्या खिडक्या, बटणं, याद्या, लिहायच्या चौकटी हे सगळं प्रत्येक प्रोग्रामवाला आपलं आपलं घडवत नाही. ते तयार मिळतं, एका सामानपेटीतून. तिला टूलकिट म्हणतात. कोणतं अक्षर कुठं, कोणत्या रूपात मांडायचं हेही तीच ठरवते. ही पेटी जगभरातली माणसं मिळून बनवतात, आणि ती कधी पुरी होत नाही. दर सहा-आठ महिन्यांनी तिची नवी आवृत्ती येते.

“त्यायचा मालक कोण?” तेजरामभाऊंनी विचारलं.

“मालक कुणी नाही.”

“मंग सुधरवते कोण?”

“ज्याला येतं तो.”

“आन ज्याले येत नाई तो?”

“तो चूक काय आहे ते सांगतो.”

त्यांनी मान हलवली. हे त्यांना पटलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी मी येण्याआधी त्यांनी कागदावर चूक लिहूनच ठेवली होती.

त्या प्रकल्पाची इंटरनेटवर एक सार्वजनिक तक्रारवही होती. तिच्यात तीन गोष्टी लिहायच्या. तुम्ही काय केलं, काय व्हायला हवं होतं, आणि काय झालं. तेजरामभाऊंनी मराठीत सांगितलं, मी इंग्रजीत लिहिलं. नुसत्या शब्दांनी परक्या माणसाला कळणार नाही असं त्यांचं मत पडलं. मागच्या खोलीत अजून जुने खिळे होते. त्यांनी चार शब्द जुळवले, शाई लावून कागदावर हातानंच ठसा घेतला, आणि आम्ही तो स्कॅन करून जोडला. तेव्हा दिवसातून सहा-सात तास लाइट जायची. टेलिफोनच्या तारेवरून तेवढं एक चित्र पाठवायला दुपारचे दोन प्रयत्न वाया गेले, तिसऱ्यांदा गेलं.

दोन दिवसांनी उत्तर आलं. एर्की नावाचा फिनलंडमधला माणूस मजकुराची बाजू सांभाळत होता. त्यानं लिहिलं होतं की मला तुमच्या लिपीतलं एकही अक्षर वाचता येत नाही, पण ठसा फार सुंदर आहे, आणि दोन्ही आकार वेगळे आहेत हे दिसतं आहे. त्याच्याखाली आपल्याच देशातल्या एकाचं उत्तर होतं. असं अक्षर ना हिंदीत आहे ना संस्कृतात, ही लिहिणाऱ्याची चूक आहे, तक्रार बंद करावी.

मला राग आला. मी ते तेजरामभाऊंना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “त्याचा दोष नाई. त्याच्या खणात हा खिळाच नाई.”

आम्ही उत्तर लिहिलं. आचार्यास म्हणजे गुरूला, आणि आचाऱ्यास म्हणजे स्वयंपाक्याला. दर्या म्हणजे समुद्र, आणि दऱ्या म्हणजे डोंगरामधल्या. तेजरामभाऊंचं आणखी एक वाक्य होतं, ते मी पाठवलं नाही. ते म्हणाले होते, “लिहा त्याले, आचाऱ्याले बोलवा म्हटलं तं आचार्य येऊन बसन मांडवात, आन लोक राहतीन उपाशी.” आता वाटतं, ते पाठवायला हवं होतं.

तक्रार बंद झाली नाही. एर्कीनं चार वेळा प्रश्न विचारले. हा आकार फक्त य आणि ह यांच्याआधीच येतो का? शब्दाच्या सुरुवातीला येतो का? ओळ तिथंच तुटली तर काय करायचं? एकेका प्रश्नाचं उत्तर तेजरामभाऊ दिवसभर विचार करून देत. या माणसाला आपण आजवर काही विचारलंच नव्हतं, हे मला त्या दिवसांत जाणवलं. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी जे हातानं केलं होतं, त्याचे नियम त्यांच्या डोक्यात मांडून ठेवलेले होते. कुणी विचारण्याचाच अवकाश होता.

ती लगीनसराई तशीच गेली. सप्टेंबरात एर्कीनं दुरुस्ती केली, आणि पुढच्या मार्चमध्ये नव्या आवृत्तीची सीडी आमच्यापर्यंत आली. तिच्यासोबत बदलांची लांबलचक यादी होती. बटणांच्या कडा, फायली उघडायची नवी खिडकी, आणि मध्येच एक ओळ: मराठीतला अर्धा ऱ आता बरोबर दिसतो, चूक दाखवणारे तेजराम फुंडे, बालाघाट. मी ती ओळ छापून त्यांना दिली. त्यांनी ती वाचली, म्हणजे आपलं नाव वाचलं, आणि कागद घडी करून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी सांगितलं की शेवंताबाईंनी, त्यांच्या बायकोनं, एवढंच विचारलं की फिनलंड रेल्वेच्या कोणत्या लाइनीवर आहे.

त्या उन्हाळ्यातल्या सगळ्या मराठी पत्रिका बरोबर छापल्या गेल्या.

जुलैमध्ये त्याच तक्रारीखाली एक नवं पत्र दिसलं. बिमला नावाच्या बाईचं, नेपाळमधल्या धरान गावाचं. ती एका साप्ताहिकात टाइपिंगचं काम करायची. तिनं अगदी सभ्यपणे लिहिलं होतं की तुमच्या या दुरुस्तीमुळे आमचं अक्षर मोडलं आहे.

आम्हाला दोघांनाही हे नवीन होतं. नेपाळीतही हाच आकार आहे, आणि तो आपल्यापेक्षा कितीतरी जास्त लागतो. केलं म्हणायला गऱ्यो, पडलं म्हणायला पऱ्यो. बातमीच्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात. फक्त तो टाइप करायची त्यांची रीत वेगळी. आमच्यासारखा वेगळा ऱ त्यांच्याकडे नाही. ते साधा र घेतात, हलन्त देतात, आणि मग एक न दिसणारी जोडकळ दाबतात. आधीच्या आवृत्तीत ती रीत चालत होती. एर्कीनं आमची रीत घातली तेव्हा त्याला वाटलं की एकाच आकाराला दोन वाटा कशाला, म्हणून त्यानं जुनी वाट बंद केली. एर्कीला लिपी येत नव्हती, आम्हाला नेपाळी येत नव्हती. कुणाच्याच लक्षात आलं नाही.

मी हे सगळं सांगितलं. तेजरामभाऊंनी चष्मा काढून हातात घेतला.

“म्हणजे आपल्यामुळं झालं.”

मी म्हटलं, आपल्यामुळं नाही, एर्कीमुळं. आपण चूक सांगितली, ती खरीच होती. तिला किती दिवस त्रास झाला, एवढं त्यांनी विचारलं. तीन महिने. मग तिनं काम कसं भागवलं? एका मशीनवर जुनी आवृत्ती ठेवून. चार माणसं एका मशीनवर पाळीपाळीनं बसत होती.

बिमलाच्या पत्रानंतर आठवड्यानं एर्कीचं उत्तर आलं, आणि ते अवघड होतं. पुढची आवृत्ती नोव्हेंबरात जायची होती. मजकूर मांडणारा सगळा भाग तो मुळापासून नव्यानं लिहीत होता. त्या नव्या भागात दोन्ही रीती नीट बसतील, पण त्याला अजून वर्ष-दीड वर्ष लागेल. तोवर जुन्या भागात दोन्ही एकत्र बसवणं त्याला धोक्याचं वाटत होतं, एक सुधारताना तिसरंच काही मोडेल. म्हणून नोव्हेंबरच्या आवृत्तीत आमची दुरुस्ती ठेवावी की काढावी, हे त्यानं आम्हाला आणि बिमलाला, दोन्ही बाजूंना विचारलं होतं.

मी लगेच पत्र लिहायला घेतलं. आमची तक्रार आधीची, दुरुस्ती झालेली, तिची घोषणाही झालेली. मराठी बोलणारी माणसं किती कोटी आहेत, तेही लिहिलं. नेपाळी त्या मानानं किती थोडी, हेही सुचवलं. चांगलं ठणठणीत पत्र झालं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते तेजरामभाऊंना वाचून दाखवलं. लाइट नव्हती, आम्ही पुढच्या खोलीत दाराशी बसलो होतो.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“ताई, आपलं काम लगनाचं,” ते म्हणाले. “वर्षातले चार महिने. तिचं दर आठवड्याले हाय. तिच्या पेपरात हे अक्षर नसन तं वाक्यच पुरं होत नाई. आपली दुरुस्ती काढाले सांगा. दोघायचं बसन तवा घाला म्हणा.”

मी म्हटलं, आपण दीड वर्ष खपलो त्याचं काय? दुरुस्ती पुन्हा घालू म्हणतात, घातली नाही तर?

“हातानं काढन मी.”

“आणि तुम्हाला वाईट नाही वाटणार?”

“वाटन ना. काहून नाई वाटन?” ते म्हणाले. “पण थे बाई तीन महिने चूप बसून चालवून राह्यली होती, आन आपण इथं खुशीत होतो. हे बरं नाई वाटत.”

मला पटलं नव्हतं, हे मी लपवत नाही. मी आमच्या अक्षरासाठी भांडत होते आणि ज्याचं ते काम होतं तोच माणूस माघार घेत होता. पण नाव त्यांचं होतं. मी ठणठणीत पत्र बाजूला ठेवलं आणि त्यांनी सांगितलं तेवढं चार ओळींत लिहून पाठवलं. खाली त्यांच्या सांगण्यावरून एक ओळ जास्त घातली, की आमच्यामुळे तुमची अडचण झाली, माफ करा.

बिमलाचं उत्तर आलं ते थेट आमच्या पत्त्यावर, आणि हिंदीत. तिनं लिहिलं होतं की असं उत्तर येईल असं तिला वाटलं नव्हतं. ती भांडायच्या तयारीनंच बसली होती.

नोव्हेंबरच्या आवृत्तीत आमचा ऱ पुन्हा गेला. जुनीच आवृत्ती ठेवता आली असती, पण नवा लेझर प्रिंटर तिच्यावर चालत नव्हता. त्या हिवाळ्यापासून पुढचे दोन उन्हाळे आम्ही मराठी पत्रिका अशा छापल्या की लेझर प्रिंटरवर ट्रेसिंग पेपरचा मूळ नमुना काढायचा, रफार ब्लेडच्या टोकानं खरवडायचा, आणि तेजरामभाऊ बारीक पेननं तिथं ती रेघ काढायचे. ऑफसेटची प्लेट त्याच नमुन्यावरून बनायची. छापून आलेल्या पत्रिकेत कुठला ऱ हातानं काढलेला आहे हे मलाही ओळखता येत नसे. एका पत्रिकेत असे आठ-दहा शब्द निघत. बाबांनी दोनदा म्हटलं की तेजराम, सोड ना, कोण बघतं? तेजरामभाऊ हसायचे आणि पेन पुसायचे.

बिमलाशी आमचा पत्रव्यवहार सुरू झाला. पंधरा दिवसांनी एखादं पत्र. ती टायपिस्ट होण्याआधी तिचे वडील तिथल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते, हे कळल्यावर तेजरामभाऊंच्या प्रश्नांना अंत राहिला नाही. तिकडे खिळे कुठून यायचे, खण कसे लावायचे, शाई कोणती. ती वडिलांना विचारून उत्तरं पाठवायची. म्हणजे खरं बोलणं या दोन कंपोझिटरांचं चालायचं, आणि आम्ही दोघी मधल्या.

फेब्रुवारी २००५मध्ये तिचं पत्र येईना. नेपाळात राजानं सत्ता हातात घेतल्याचं आणि फोन, इंटरनेट सगळं बंद केल्याचं पेपरात आलं. तेजरामभाऊ रोज मी आले की आधी माझ्याकडे बघत, मी मान हलवली की कामाला लागत. दहाव्या दिवशी दोन ओळी आल्या. आम्ही बरे आहोत, पेपर सध्या बंद आहे. त्या दिवशी त्यांनी दुपारी चहा मागवला. एरवी ते चहा पीत नसत.

पेपर काही आठवड्यांनी पुन्हा निघू लागला. एप्रिलमध्ये एर्कीनं आम्हा दोन्ही बाजूंना एक काम दिलं. नवा भाग लिहून होत आला होता. पण पुढं कुणीतरी काहीतरी बदलेल आणि हे अक्षर पुन्हा मोडेल, तसं होऊ नये म्हणून त्याला दोन्ही भाषांतल्या शब्दांची यादी हवी होती. प्रत्येक शब्दापुढं तो कसा दिसायला हवा त्याचं चित्र. टूलकिटमध्ये कुणीही कुठलाही बदल केला की यंत्र आपोआप ते सगळे शब्द काढून बघेल आणि एक जरी चुकला तरी तो बदल आत घेणार नाही.

तेजरामभाऊंनी सुरुवातीला वीस-पंचवीस शब्द लिहिले. मग अडले. त्यांची सवय पत्रिकांची, त्यामुळे वऱ्हाड, नवऱ्या, दुसऱ्या यांपलीकडे त्यांना सुचेना. रविवारी मी त्यांच्या घरी गेले. शेवंताबाई ओसरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं. आम्ही दोघं काय शोधतो आहोत हे त्यांनी थोडा वेळ ऐकलं, आणि मग हातातलं काम न थांबवता एकेक शब्द टाकायला लागल्या. कुऱ्हाड. चऱ्हाट. बिऱ्हाड. गुऱ्हाळ. सुपाऱ्या. दोऱ्या. पायऱ्या. भाकरीच्या टोपलीला म्हणतात तो शब्द मला माहीतच नव्हता, तो त्यांनी तीनदा सांगितला, पण आम्हाला यादीत घेता आला नाही, कारण त्यात ऱ नव्हताच. त्यांची मुलगी मंजुषा, तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, ती आतून हिंदीत म्हणाली की आई को अब कंप्यूटर सिखा दो. एकशे बारा शब्द झाले. बिमलाचे एकशे चाळीस आले. तिच्या यादीत भऱ्याङ असा शब्द होता. अर्थ विचारला तर शिडी, जिना. तेजरामभाऊंनी आपल्या ‘पायऱ्या’वर बोट ठेवलं आणि शेवंताबाईंना सांगितलं.

“मंग ते आपल्यासारकेच चढतेत,” त्या म्हणाल्या.

प्रत्येक शब्दाचं चित्र तेजरामभाऊंनी स्वतः तपासलं. याला दीड महिना लागला. मी घाई केली नाही. एवढं मी तोवर शिकले होते.

नवी आवृत्ती २००६च्या पावसाळ्यात आली. वर्ष-दीड वर्षाचे दोन झाले होते, पण अक्षर दोन्हीकडे बरोबर येऊ लागलं. आमच्या रीतीनं टाइप केलं तरी आणि त्यांच्या रीतीनं केलं तरी. बदलांच्या यादीत या वेळी दोन नावं होती, आणि बिमलाच्या आग्रहानं तिसरंही, तिच्या वडिलांचं. तेजरामभाऊ मला म्हणाले की शेवंताबाईंचंही सांगायला हवं होतं. मला ते सुचलंच नव्हतं. मी एर्कीला लिहिलं, आणि पुढच्या छोट्या आवृत्तीत त्यानं तेही घातलं, शेवंताबाई फुंडे, शब्द पुरवल्याबद्दल.

एर्कीनं कळवलं होतं की आता तुम्ही काही तपासायची गरज नाही, यंत्र रोज तपासतं. तेजरामभाऊंनी ते ऐकून घेतलं. तरी त्यानंतर जेवढ्या आवृत्त्या आल्या, तेवढ्या वेळा त्यांनी पहिल्या दिवशी एकशे बाराही शब्द टाइप करून पाहिले. कधी काही चुकलेलं निघालं नाही. टूलकिटमधलं बाकी सगळं बदलत राहिलं. बटणं गोल झाली, मेन्यू एका जागेवरून दुसऱ्या जागी गेले, फायली उघडायची खिडकी तर तीन वेळा बदलली आणि प्रत्येक वेळी बाबा वैतागले. तेजरामभाऊ त्या गोष्टींबद्दल काही बोलत नसत. खिडकी कुठंही राहो, ते शोधून काढत.

२००७च्या मार्चमध्ये मंजुषाचं लग्न ठरलं. मुलगा खैरलांजीचा, तहसील कार्यालयात नोकरीला. घरचे भले लोक होते. त्यांचं एकच म्हणणं पडलं, पत्रिका हिंदीत असावी. मुलाचे सगळे मित्र, साहेब, शेजारी हिंदीच वाचणारे. मंजुषाचं स्वतःचंही तेच मत होतं. घरात आई-वडिलांशी ती मराठी बोलायची, पण तिचं लिहिणं-वाचणं सगळं हिंदीतलं. तिच्या मैत्रिणींना मराठी पत्रिका कळली नसती.

हे कळल्यावर बाबांना राहवलं नाही. तेजरामभाऊ पत्रिकेचा मजकूर टाइप करत होते. बाबा उठून मागच्या खोलीत गेले आणि त्यांच्या खुर्चीमागे उभे राहिले.

“तेजराम, जगभर भांडून तू एक अक्षर आणलंस. आणि आता पोरीच्या पत्रिकेत त्याला जागा नाही. काही वाटत नाही तुला?”

तेजरामभाऊ पडद्याकडेच बघत होते.

“बाबूजी, पत्रिका तिची हाय, माही नाई,” ते म्हणाले. “वाचनाऱ्यायले वाचता आली पायजे. आन भांडलो कुठं? सांगतलं, त्यायनं आयकलं.”

मग त्यांनी पडद्यावरच्या एका जागी बोट ठेवलं. मुलाकडून आलेल्या हस्तलिखितात ‘मंजुसा’ लिहिलेलं होतं.

“हे पाहा. षा पोटफोड्या हाय. बहूत लोक असं लिहितेत. तिच्या शाळेच्या दाखल्यातबी असंच केलतं, मीच जाऊन सुधरवलं.”

त्यांनी अक्षर दुरुस्त केलं. मुलाच्या आजोबांच्या नावातली एक वेलांटी त्यांना संशयास्पद वाटली, म्हणून खैरलांजीला फोन लावून ती विचारून घेतली. दीर्घ होती. दोन वेळा प्रूफ काढलं, दोन्ही वेळा पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचलं, एकदा सुलटं आणि एकदा कागद फिरवून उलटं. मग मजकूर प्लेट बनवायला दिला, हात धुतले, आणि दीड वाजता जेवायला घरी गेले.